दूध कशात तापवता?

मूल साधारण दीड वर्षाचं. आतापर्यंत चांगलं खेळणारं, अंगानं भरलेलं. काही आठवड्यांपासून किरकिर करतं, रात्री झोपत नाही, जेवण पुढे आलं की तोंड फिरवतं. अंगात बारीक ताप. आईला आधी पोट मोठं झाल्यासारखं वाटतं, मग झबल्याची बटणं लागेनाशी होतात. डॉक्टर पोटावर हात ठेवतात. उजव्या बरगडीखाली कडक झालेलं यकृत हाताला लागतं, त्याची कड पानासारखी पातळ आणि धारदार. सत्तरच्या दशकात अशी कड हाताला लागली, की बालरोगतज्ज्ञाला पुढचं सगळं कळत असे. काही महिन्यांत कावीळ, पोटात पाणी, रक्तस्राव, शुद्ध हरपणं. बहुतेक मुलं वर्षाच्या आत जात. एकाच घरात एकापाठोपाठ दोन मुलं गेल्याच्या नोंदी वैद्यकीय लेखांत पुन्हा पुन्हा सापडतात.

या आजाराला जगभरच्या पुस्तकांत आपल्या देशाचं नाव मिळालं: इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस. कलकत्त्याच्या एका डॉक्टरांनी १८८७ मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं तो भारतभर मुलं नेत राहिला. आज पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या तरुण बालरोगतज्ज्ञांपैकी बहुतेकांनी त्याचा एकही रुग्ण पाहिलेला नाही. इतका मोठा आजार इतक्या शांतपणे गेला, की तो कसा गेला हे त्याचं कारण शोधणाऱ्या गावालाही माहीत नाही. ते गाव पुणे आहे, म्हणून हा लेख.

पन्नासच्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं या आजारासाठी समिती नेमली होती. शंका हव्या तितक्या होत्या. कुपोषण म्हणावं, तर मुलं हाडकुळी नसत आणि घरं बहुधा खाऊनपिऊन बरी असत. कावीळ करणारा विषाणू म्हणावा, तर साथ दिसत नसे. म्हैसूरच्या डॉक्टरांनी बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पिठातल्या अफ्लाटॉक्सिन या विषाकडे बोट दाखवलं. त्या मुलांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं विचारात घेण्यासारखं होतं, पण शेंगदाण्याचं पीठ न खाल्लेल्या शेकडो मुलांचं काय, हे त्यातून कळत नव्हतं. भावंडं दगावत म्हणून आनुवंशिकतेचा संशय होताच. घरात पत्रिका पाहिली जाई, आईच्या दुधाला दोष दिला जाई, मद्रासहून टपालानं येणारी यकृताची औषधं महिनोन्‌महिने पाजली जात. दोष शेवटी सुनेच्या पदरात पडे. दुसरं मूल गेल्यावर तिला सासरी काय ऐकावं लागत असेल, हे कुठल्याही शोधनिबंधात लिहिलेलं नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली हे यकृत विचित्र दिसे. पेशी फुगलेल्या, त्यांच्या आत गुलाबी रंग घेणारे गोळे, आणि एकेका पेशीभोवती विणल्यासारखे तंतू. असे गोळे डॉक्टरांच्या ओळखीचे होते, पण वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्या माणसांच्या यकृतातले. दीड वर्षाच्या मुलात ते कुठून आले?

धागा सापडला लंडनमध्ये. किंग्ज कॉलेज रुग्णालयात बाल-यकृतरोगांचा नावाजलेला विभाग होता. तिथल्या बर्नार्ड पोर्टमन, स्टुअर्ट टॅनर, अलेक्स मोवॅट आणि रॉजर विल्यम्स यांनी भारतीय मुलांच्या यकृताच्या चकत्यांना ऑर्सिन नावाचा रंग दिला. दगडफुलाच्या जातींपासून मिळणारा हा रंग त्या काळी हिपॅटायटिस-बीची खूण शोधायला वापरत. इथं मात्र पेशीपेशीत गडद तपकिरी, जाडसर कण उमटले. ते कण तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे होते. १९७८ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचे हान्स पॉपर आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले एन. सी. नायक यांच्या गटानंही पेशीतल्या तांब्याकडेच लक्ष वेधलं. मोजमाप केल्यावर आकडे हादरवणारे निघाले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात फार तर ५० मायक्रोग्रॅम तांबं असतं. या मुलांमध्ये ते ८००च्या वर, पुष्कळदा काही हजारांत होतं.

तांबं साठण्याचा एक आनुवंशिक आजार, विल्सनचा, आधीपासून माहीत होता. पण त्यात रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन कमी होतं. या मुलांत ते कमी नव्हतं. शिवाय विल्सनचा आजार इतक्या लहान वयात यकृत खलास करत नाही. मग तांबं आत कुठून जात होतं?

इथून गोष्ट पुण्यात येते. रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय १९१२ पासूनचं. (परळचं महापालिकेचं केईएम ते वेगळं.) बानू कोयाजी १९४४ मध्ये तिथं रुजू झाल्या तेव्हा ते चाळीस खाटांचं प्रसूतिगृह होतं. त्यांच्या कारकिर्दीत ते काहीशे खाटांचं सार्वजनिक विश्वस्त रुग्णालय झालं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रुग्णालयाचं एक पाऊल कायम खेड्यात राहिलं. सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला, गावातल्याच बायका-माणसांना आरोग्याचं प्राथमिक शिक्षण दिलं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो अशा कामांसाठी. पुढे याच रुग्णालयातून डॉ. रंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा वर्षानुवर्षांचा अभ्यास सुरू केला. हे सांगण्याचं कारण असं, की पुढे जे घडलं त्याला मोठ्या प्रयोगशाळेपेक्षा एका सवयीची जास्त गरज होती: पेशंटच्या घरात काय चालतं ते विचारण्याची. ती सवय या रुग्णालयाला होती.

बालरोग विभागात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे होते. टॅनर आता इंग्लंडमधल्या लेस्टरला होते. या तिघांनी मिळून तांब्याचा माग काढायला घेतला, आणि तो माग स्वयंपाकघरात गेला. वरचं दूध कधी सुरू केलं? गाईचं की म्हशीचं? पाणी किती घालता? आणि दूध कशात तापवता, कशात ठेवता?

दूध पितळेच्या पातेल्यात तापवत होते. काही घरांत तांब्याच्या. तापवून झाल्यावर ते त्याच पातेल्यात ठेवत. फ्रीज नव्हता, म्हणून नासू नये म्हणून दिवसातून पुन्हा पुन्हा उकळत. १९८३ मध्ये टॅनर, कांटार्जियन, भावे आणि पंडित यांचा निबंध ‘लॅन्सेट’नं छापला: लहान वयात दिलेलं, तांबं उतरलेलं जनावराचं दूध हे या आजाराचं कारण असू शकतं. मग आजारी मुलामागे त्याच्या जोडीचं एक निरोगी मूल घेऊन दोन्ही घरांतला खाण्यापिण्याचा इतिहास ताडून पाहिला. १९८७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या भांड्यातून येत होतं.

प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. त्याच पितळेच्या भांड्यात पाणी ठेवलं तर त्यात फारसं तांबं उतरत नाही. दूध मात्र ते खेचून घेतं. दुधातलं केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणसं तांब्याच्या हंड्यातलं पाणी पीत आली आणि त्यांना काही झालं नाही, हे खरंच होतं. आजी खोटं बोलत नव्हती. पण पाण्याचा अनुभव दुधाला लागू नव्हता, आणि मोठ्यांचा अनुभव तान्ह्या बाळाला तर मुळीच नाही.

तान्ह्या बाळाचं यकृत वेगळं असतं. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते तांब्याचा साठा करून घेतं, कारण पुढे काही महिने मिळणाऱ्या आईच्या दुधात तांबं अगदी कमी. जन्मत:च बाळाच्या यकृतातलं तांबं मोठ्या माणसाच्या कितीतरी पट असतं. ते हळूहळू वापरलं जातं. जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकण्याची यंत्रणा मात्र अजून कच्ची असते. नेमक्या याच महिन्यांत पितळेतलं दूध सुरू झालं, तर आत येणारं थांबत नाही आणि बाहेर जायला वाट नाही.

पण पितळेची भांडी काय नवी होती? त्यांना तर कल्हई असायची.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही हातोडीचे ठोके ऐकू येतात. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. तांब्याच्या पत्र्यावर एकसारखे ठोके देत उठवलेलं मठारकाम ही त्यांची ओळख. भांडं घडवणारे वेगळे आणि त्याला आतून कल्हई करणारे वेगळे. कल्हईवाला पूर्वी दारोदार यायचा. अंगणात खड्डा करायचा, भाता लावायचा, कोळसे फुलवायचा. भांडं तापलं की नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवायची, की पितळ आतून चांदीसारखं व्हायचं. हा कथलाचा थर म्हणजे दूध आणि तांबं यांच्यामधला पडदा. तो शाबूत असेल तर पितळेच्या पातेल्याला बोल लावायचं कारण नाही.

थर मात्र टिकत नसे. भांडी राखेनं आणि काथ्यानं घासली जात, चिंचेनं लखलखीत केली जात. जी बाई भांडी जास्त निगुतीनं घासे तिच्या भांड्यांची कल्हई लवकर जाई, असं म्हणायला हरकत नाही. कल्हईला पैसे पडत, कल्हईवाला येईल तेव्हा येई. आमटीचं, ताकाचं भांडं कळकलं की पदार्थ हिरवट पडतो, जीभ लगेच सांगते. म्हणून त्या भांड्यांना आधी कल्हई. दूध कळकत नाही. त्याचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही. त्यामुळे दुधाचं पातेलं मागे राहणं अगदी स्वाभाविक होतं.

हे पातेलं कुठलं, तर लग्नात माहेरून आलेलं. पहिलटकरीण माहेरी बाळंत होई, सव्वा महिन्यानं सासरी परते. अंगावर दूध पुरत नाही असं कुणी म्हटलं की वरचं दूध सुरू. बाळासाठी घरातलं चांगलं भांडं काढलं जाई. गरिबाच्या घरी ॲल्युमिनियमचं किंवा मातीचं असे. तिथं हा आजार कमी. मध्यमवर्गी, विशेषत: ग्रामीण, दुभतं बाळगून असणाऱ्या घरांत तो जास्त, ही नोंद भारतभरच्या डॉक्टरांनी केली होती आणि तिचं कोडं कुणाला सुटत नव्हतं. आता ते सुटत होतं. बाळाला घरातलं सगळ्यांत चांगलं देण्याची धडपडच बाळाला भोवत होती.

हे आईला कसं सांगायचं? मांडीवर पोट फुगलेलं मूल, आणि आपण सांगणार की दूध ज्या भांड्यात तापवलं त्यातून हे झालं. दोष तिचा नाही, हे सांगायला वेळ द्यावा लागतो, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तोच नसतो. तरीही सांगणं भाग होतं, कारण पुढचं बाळ वाचवायचं होतं. या संशोधनाचा हा भाग मला औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात एक मूल गेलं, त्या घराला पत्रिकेपेक्षा, नशिबापेक्षा वेगळं काहीतरी हातात मिळालं: पातेलं बदला, अंगावर पाजत राहा.

औषधाचीही गोष्ट सांगायला हवी. पेनिसिलामाइन हे पेनिसिलिनपासून शरीरात तयार होणारं द्रव्य. इंग्लंडचे डॉक्टर जॉन वॉल्श यांना ते पेनिसिलिन घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीत आढळलं होतं. पुढे बोस्टनमध्ये विल्सनचा एक रुग्ण पाहताना त्यांच्या मनात आलं, की हे द्रव्य तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर काढू शकेल. आधी त्यांनी ते स्वत: घेऊन पाहिलं, मग रुग्णाला दिलं. १९५६ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं आणि विल्सनच्या रुग्णांचं आयुष्यच बदललं. पुण्याच्या गटानं हेच औषध सिऱ्हॉसिसच्या मुलांना देऊन तुलनात्मक चाचण्या केल्या. कावीळ होऊन पोटात पाणी झाल्यावर आलेल्या मुलांना त्याचा फारसा उपयोग होत नसे. पण कावीळ होण्याआधी आलेल्यांपैकी बरीच मुलं जगली. जो आजार निश्चित मरणाचा समजला जाई त्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

आशिष बावडेकर, भावे आणि या विभागातल्या इतर डॉक्टरांचं खरं चिकाटीचं काम पुढचं आहे, असं त्यांच्या १९९६ च्या निबंधावरून म्हणता येतं. वाचलेल्या मुलांचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पुन्हा पुन्हा तपासलेल्या यकृतांत जखमा भरून येताना दिसल्या. काही यकृतं जवळजवळ पूर्ववत झाली. आणि विल्सनच्या रुग्णाला जन्मभर घ्यावं लागणारं औषध या मुलांना थांबवता आलं. थांबवल्यावर आजार उलटला नाही. तांबं शरीराच्या आतल्या बिघाडामुळे नव्हे तर बाहेरून आलं होतं, याचा याहून चांगला पुरावा कुठला?

हरकती घेणारे होते, आणि त्या हरकती रास्त होत्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या काही गावांच्या नळाला भरपूर तांबं असलेलं पाणी येत होतं; तिथं यकृताच्या आजारानं मुलं दगावल्याचं आढळलं नाही, हे शाइनबर्ग आणि स्टर्नलिब या तांब्याच्या अभ्यासकांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं. उलट जर्मनीत तांब्याच्या नळातून येणाऱ्या आम्लधर्मी विहिरीच्या पाण्यात बाळाचं दूध कालवलं गेलं, आणि भारतीय मुलांसारखंच यकृत झालेली बाळं तिथं सापडली. सगळ्यांत बोलकी कहाणी ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातली. तिथल्या डोंगराळ खेड्यांत १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अशाच आजारानं गेली. आया गाईचं दूध पाणी घालून तांब्याच्या भांड्यात उकळत. ती भांडी बदलली आणि आजार संपला. टॉमस म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घराण्यांच्या वंशावळी मांडून सांगितलं, की इथं दोन गोष्टी एकत्र येतात: तांबं, आणि ते न पेलवणारा आनुवंशिक कमकुवतपणा. म्हणून एकाच पातेल्यातलं दूध पिऊन एक भावंड आजारी पडे आणि दुसरं हसतखेळत वाढे. तो जनुक विल्सनच्या आजाराचा नव्हे. पण भांडं बदललं तर जनुकाला डोकं वर काढायला संधीच मिळत नाही, हे टिरोलनं आणि पुण्यानं दोघांनी दाखवलं.

आजार गेला त्याचं सगळं श्रेय डॉक्टरांना देणं खरं होणार नाही. बोहारणींनाही द्यावं लागेल. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देत त्या गल्लोगल्ली फिरल्या, आणि पितळेचे डबे, घागरी, पातेली माळ्यावर किंवा मोडीत गेली. नव्वदच्या दशकात पुण्याच्या वॉर्डांमध्ये ही मुलं विरळ झाली. सल्ल्याचा वाटा किती आणि स्टीलचा किती, हे वेगळं काढता येण्यासारखं नाही. संशोधन झालं नसतं तरी आजार कदाचित स्टीलमुळे ओसरला असता. पण तो का ओसरला हे आपल्याला कळलं नसतं, आणि तो परत येऊ शकतो हेही.

परत येण्याची भीती मी उगाच घालत नाही. तांब्याच्या बाटल्या आणि हंडे पुन्हा घराघरांत आले आहेत. मोठ्या माणसानं त्यातलं साधं पाणी प्यायलं तर चिंता नको. जागतिक आरोग्य संघटनेनं पाण्यातल्या तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम ठेवली आहे. लिंबूपाणी, ताक त्यात ठेवू नये, मळमळतं. पण हौसेनं विकत घेतलेल्या बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात तान्ह्या बाळाचं दूध तापवणं किंवा तांब्यातल्या पाण्यात पावडरीचं दूध कालवणं, हे कधीही करू नये. भांडी विकणाऱ्यांनी हे ठळक अक्षरांत लिहून द्यायला हवं.

बाल-यकृतरोगांच्या विभागांत आता दुसरी बाळं येतात. त्यांच्यातला सर्वांत घाईचा आजार म्हणजे जन्मत:च पित्तनलिका बंद असणं. बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरत नाही, लघवी पिवळी होते आणि शी पांढुरकी, मातीच्या रंगाची. जपानच्या मोरिओ कासाई यांनी पन्नासच्या दशकात शोधलेली शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर तिचा उपयोग सर्वांत जास्त होतो. आपल्याकडे पुष्कळ बाळं त्यानंतर येतात. कोवळं ऊन दाखवा, आपोआप जाईल, असं सांगून महिना निघून जातो. मग उरतं यकृताचं प्रत्यारोपण, म्हणजे आईच्या किंवा बापाच्या यकृताचा तुकडा आणि शेत विकूनही न पुरणारा खर्च. तैवाननं २००४ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या आरोग्य-पुस्तिकेत शीच्या रंगांची पट्टी छापली. आई रंग जुळवून पाहते आणि फोन करते. तिथं बाळं लवकर शस्त्रक्रियेला पोचू लागली.

आपल्याकडे त्यासाठी नवी माणसं नेमायला नकोत. नवजात बाळाच्या गृहभेटींसाठी आशाताई चौदाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी त्या घरात जाते, बाळाचं वजन करते, ताप पाहते. त्याच भेटीत तिनं बाळाचं दुपटं मागून घ्यावं, शीचा रंग पाहावा, आणि तो पांढुरका असेल तर त्याच दिवशी बाळाला जिल्हा रुग्णालयात पाठवण्याचा अधिकार तिला असावा.